अण्णांच्या अंगावर ठणकणाऱ्या गाठी, कान सुजतो, ताप जाऊन परत येतो... कुणी असं बघितलंय का?

वाईची_लेक
नमस्कार. लिहू का नको असं खूप दिवस चाललं होतं, आज लिहितेच. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ७२, एसटीतून रिटायर झालेत, थोडी शेती आहे, हळद करतो आम्ही. बीपीची एक गोळी सोडली तर कधी दवाखाना माहीत नाही असा माणूस.

गणपती झाल्यावर दोन्ही हातांवर आणि मानेवर गाठी उठायला लागल्या, दोन रुपयाच्या नाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या, वर फुगलेल्या. खाज अजिबात नाही पण ठणकतात, शर्टाची बाही घासली तरी कळ येते. रंग लाल म्हणावा तर लाल पण नाही, अण्णा सावळे आहेत त्यामुळे जांभळट तांबूस दिसतात. संध्याकाळी १०१ पर्यंत ताप. आईला वाटलं पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावलं, मग शेजारच्यांनी धावरं आहे म्हणून गेरू लावायला सांगितला. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, काही फरक नाही, दुसरं दिलं तेही तसंच, मग ५ दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांत अंग एकदम स्वच्छ! आम्ही सुटलो म्हणालो. गोळ्या संपल्या आणि आठवड्यात सगळं परत, वर डावा कान सुजला, नुसता गरमगरम, त्या कुशीवर झोपता येईना. कानाच्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून तिसरं अँटिबायोटिक दिलं. मग एकदा उजव्या डोळ्याची पापणी सुजून डोळा मिटला, चार दिवसांनी आपोआप उतरली. नोव्हेंबरमध्ये पायात रक्ताची गुठळी झाली, त्याची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

हिमोग्लोबिन ८.६, एमसीव्ही ११२, सीआरपी (अंगातल्या सुजेची टेस्ट) ९६, एएनए (शरीर स्वतःवरच उलटलंय का ते बघायची टेस्ट) निगेटिव्ह. बी१२ ची १० इंजेक्शनं झाली तरी हिमोग्लोबिन हलत नाही. स्किनचे डॉक्टर वेगळे, कानाचे वेगळे, गुठळीचे वेगळे, प्रत्येकाची फाइल वेगळी, आणि प्रत्येकजण म्हणतो माझ्या भागाचं एवढं काही नाही. वजन ९ किलो उतरलंय. त्यात एका नातेवाइकांनी घरी येऊन कुष्ठरोग असेल म्हणून सांगितलं, तेव्हापासून आईनं अण्णांचा कप आणि ताट वेगळं ठेवलंय आणि अण्णा कुणाशी बोलेनासे झालेत. मला ते बघवत नाही. कुणी असं काही बघितलंय का, पुढे कुणाला दाखवू?

निवृत्त_सिस्टर
ताई, मी डॉक्टर नाही, ३४ वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, त्यातली बरीचशी स्किनच्या वॉर्डात. पहिलं आईंना सांगा, कप वेगळा करू नका. कुष्ठरोग निघाला असता तरी कपाताटातून तो होत नाही आणि गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत माणसापासून लागण व्हायची थांबते. मी वॉर्डात त्या पेशंटच्या हातचा चहा प्यायलेय, आजही पिईन.

आता दोन गोष्टी बघून सांगा. कान सुजतो तेव्हा खालची पाळी, जिथं बायका कुडी घालतात ती मऊ जागा, ती पण सुजते का फक्त वरचा कडक कान सुजतो? आणि रक्त काढतात किंवा सलाईन लावतात त्या जागी नंतर काही उठतं का?

फोटो काढा. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश नको, शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. एका गाठीभोवती बॉलपेननं गोल काढा आणि तारीख-वेळ लिहा. पित्ताची गांध २४ तासांच्या आत त्या जागेवरून गायब होते, दुसरीकडे उठते. तुमच्या अण्णांची गाठ तिथंच राहत असेल तर ते पित्त नाही. आणि गेरू, हळद, मेडिकलमधून आणलेली कुठलीही ट्यूब, काही म्हणजे काही लावू नका, त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, खरं रूप झाकलं जातं आणि डॉक्टरांना काही दिसत नाही.

वाईची_लेक
सिस्टर, आत्ता जुने फोटो काढून बघितले. पाळी अगदी नॉर्मल आहे!! वरचा कान फुगलेला आणि पाळी उजव्या कानासारखीच, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि हो, पायाच्या गुठळीसाठी ॲडमिट होते तेव्हा सलाईनच्या जागी मोठी गाठ येऊन वर पिवळे फोड आले होते, इन्फेक्शन म्हणाले, पू कल्चरला पाठवला, त्यात काहीच उगवलं नाही. गाठी एकाच जागी आठ-दहा दिवस राहतात.

पुण्याचा_त्वचारोगवाला
ताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे निदान समजू नका, पण तुम्ही लिहिलंय ते वाचून गप्प बसवेना म्हणून सविस्तर लिहितो.

सिस्टरांनी पाळीचं विचारलं ते फार मोलाचं आहे. कानाच्या वरच्या भागात कूर्चा असते, पाळीत नसते. कातडीचं जंतूंचं इन्फेक्शन असेल तर ते सहसा पाळी सोडून थांबत नाही, सगळीकडे पसरतं. फक्त वरचा कान लाल, गरम, दुखरा आणि पाळी मोकळी म्हणजे सूज कूर्चेची आहे. कुष्ठरोगात साधारण याच्या उलट दिसतं, पाळी जाड होते, गाठाळ होते, म्हणून तर तपासणीसाठी स्मीअर, म्हणजे बारीक चीर देऊन काचेवर घेतलेला नमुना, पाळीतून घेतात. तुमच्या नातेवाइकांची शंका अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही, कारण कुष्ठरोगाची एक रिॲक्शन असते तिच्यात ताप येतो आणि दुखऱ्या गाठी उठतात, आपल्याकडे ती बघावीच लागते. एक स्मीअर करून तो विषय संपवून टाका. चिकनगुनियातही कान लाल होऊ शकतो, नाक काळवंडतं, पण तो असा महिनोन्‌महिने ये-जा करत नाही.

आता गाठी. ताप, वर फुगलेल्या दुखऱ्या गाठी, सुई टोचलेल्या जागी फोड, कल्चरला काही नाही, अँटिबायोटिकनं ढिम्म आणि स्टिरॉइडनं दोन दिवसांत साफ. याला स्वीट सिंड्रोम म्हणतात, गोडाशी काही संबंध नाही, रॉबर्ट डग्लस स्वीट नावाच्या इंग्लंडमधल्या प्लिमथच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९६४ साली ८ बायकांचं वर्णन छापलं म्हणून ते नाव. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी, ज्या जंतूंशी लढायला असतात, त्या जंतू नसतानाच त्वचेत गर्दी करतात. सुईच्या जखमेवरही त्या तशाच धावून येतात, त्याला पॅथर्जी म्हणतात. मध्यमवयीन बाईला घसा-सर्दी होऊन हे झालं तर मी तेवढा घाबरत नाही. पण सत्तरीच्या पुरुषाला झालं, वर हिमोग्लोबिन ८.६ आणि एमसीव्ही ११२, तर मी त्वचेकडे बघत बसत नाही, थेट रक्त आणि बोनमॅरोकडे, म्हणजे रक्त जिथं बनतं त्या हाडातल्या मगजाकडे बघतो. स्वीटच्या साधारण पाचातल्या एका पेशंटमध्ये मागे कुठलातरी कॅन्सर असतो आणि त्यातले बरेचसे रक्ताचे.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा आकार, ८० ते १०० नॉर्मल. आपल्याकडे तो वाढला की बी१२ कमी हे पहिलं मनात येतं, शाकाहारी घरांत ते खरंही असतं. पण १० इंजेक्शनं होऊन काही हललं नाही म्हणजे अडचण कच्च्या मालाची नाही, पेशी बनतात तिथंच, म्हणजे मॅरोत काहीतरी बिघडलंय.

कान, त्वचा, पापणी, गुठळी, मोठ्या लाल पेशी, वजन, हे सगळं एका वयस्कर पुरुषात एकत्र आलं की २०२० नंतर एक नाव डोक्यात यायलाच हवं, व्हेक्सास सिंड्रोम. २०२० च्या आधी हे नावच नव्हतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डेव्हिड बेक आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूनं शोध घेतला, लक्षणांवरून जीन न शोधता जीनमधल्या चुकीवरून पेशंट शोधले आणि २५ पुरुष निघाले. त्यांना तोवर वेगवेगळी लेबलं लागलेली होती, कुणाला कूर्चेचा आजार, कुणाला स्वीट, कुणाला रक्तवाहिन्यांची सूज. चूक यूबीए१ नावाच्या जीनमध्ये असते. पेशीतल्या निकामी प्रोटीनवर ‘हे टाकून द्या’ असा शिक्का मारायचं काम या जीनच्या एन्झाइमपासून सुरू होतं, ते बिघडलं की कचरा साठतो आणि पेशी सतत धोक्याची घंटा वाजवत राहते. जीन एक्स क्रोमोसोमवर आहे, पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून हा बहुतेक पुरुषांचा आजार. पेनसिल्व्हेनियातल्या एका मोठ्या आरोग्य संस्थेच्या १ लाख ६३ हजार लोकांचा जीन डेटा तपासला, त्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला, पन्नाशीपुढच्या साधारण ४,२६९ पुरुषांमागे एकाला आणि २६,२३८ बायकांमागे एकीला. दुर्मीळ आहे, पण इतकाही नाही की जिल्ह्यात एकही नसेल. आपल्या देशातूनही केसेस छापून आल्या आहेत.

काय करायचं ते सांगतो. नव्या, एक-दोन दिवसांच्या गाठीची पंच बायोप्सी, ४ मिलिमीटरचा तुकडा, जागा बधिर करून काढतात, एखादा टाका. शक्यतो स्टिरॉइड परत सुरू व्हायच्या आधी. पण आत्ता कुठलीही स्टिरॉइडची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, विचारून करा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे सुई लावणाऱ्या प्रत्येकाला सांगा. नंतर रक्ताच्या डॉक्टरांकडे बोनमॅरो, आणि तिथं चिठ्ठीवर लिहून घ्या की पेशींमधले व्हॅक्युओल बघा, म्हणजे पोकळ थेंबांसारखी भोकं. न सांगता गेलं तर बघणाऱ्याला ती दिसूनही त्यांचा अर्थ लागत नाही. यूबीए१ ची टेस्ट रक्तावर किंवा मॅरोवर होते.

आणि सगळ्यात आधी एक कागद घ्या. डावीकडे तारीख, उजवीकडे काय झालं, कान, गाठी, पापणी, गुठळी, स्टिरॉइड कधी सुरू कधी बंद, सगळं एकाखाली एक. तीन फायली घेऊन जाऊ नका, तो एक कागद आणि फोटो घेऊन जा. मी ओपीडीत बसतो म्हणून सांगतो, पेशंटमागे मिळतात पाच-सात मिनिटं, त्यात तीन फायली चाळून जोडणी करणं अवघड असतं.

पंचगंगेकाठचा
डॉक्टरांचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या आईचं लिहितो, वेगळा आजार आहे पण गोष्ट तीच. आई ६६ वर्षांची, कोल्हापूरला असते. डोळ्यांभोवती काळपट झालं होतं, पापण्यांवर जास्त, आम्ही म्हणालो झोप नाही, वय झालं. मग मानेवर आणि पाठीच्या वरच्या भागात, बरोबर शाल पांघरतो तेवढ्या भागात काळसर चट्टे, उन्हानं असेल म्हणालो. बोटांच्या सांध्यांवर खडबडीत पुरळ आलं, भांड्याचा साबण असेल म्हणालो. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं. नंतर वेणी घालायला हात वर जाईना, पाटावरून उठता येईना, घास अडकायला लागला तेव्हा कुठं मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या मॅडमनी आईचा हात हातात घेतला, भिंगातून नखांच्या मुळाशी बघितलं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या होत्या, आणि म्हणाल्या डर्मॅटोमायोसायटिस आहे, स्नायूंची सूज. पुस्तकात पापण्यांचा तो रंग फिकट जांभळा लिहिलेला असतो, हेलिओट्रोप नावाच्या फुलासारखा, पण आपल्या सावळ्या कातडीवर तो नुसता काळपट दिसतो, म्हणून सगळे चुकतात असं त्यांनी समजावलं. वय जास्त असेल तर या आजारामागे कॅन्सर असू शकतो म्हणून लगेच पोटाचं स्कॅन करायला लावलं आणि अंडाशयाचा निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, आई आज आहे, स्वतःची वेणी स्वतः घालते. कातडीनं आधी सांगितलं होतं, आम्ही ५ महिने ऐकलं नाही, हे मनातून जात नाही.

ताई, तुम्ही ऐकलंय. लवकर करा.

ठाण्याहून_सून
मध्येच विचारते, माफ करा. सासूबाई ७८, ३ महिने अंगभर प्रचंड खाज, रात्रभर झोप नाही, घरच्या डॉक्टरांनी वयाची कोरडी त्वचा म्हटलं, आता मांड्यांवर पाण्याचे घट्ट फोड आलेत. शुगरची गोळी आहे विल्डाग्लिप्टिन, बाकी काही नाही. याचा इथं संबंध आहे का?

पुण्याचा_त्वचारोगवाला
आहे, आणि तुम्ही गोळीचं नाव लिहिलंत हे फार बरं केलंत. म्हातारपणी महिनोन्‌महिने खाज आणि मग घट्ट, सहज न फुटणारे फोड म्हणजे बुलस पेम्फिगॉइडची, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटून फोड येणाऱ्या आजाराची, शंका घ्यायची. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांनी तो होऊ शकतो हे आता नीट माहीत झालंय. गोळी तुम्ही बंद करू नका, शुगरच्या डॉक्टरांना आजच फोन करा, ते दुसरी देतील. स्किनच्या डॉक्टरांकडे दोन तुकड्यांची बायोप्सी लागेल, एक फोडाचा आणि एक फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा. हा दुसरा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकायचा नसतो, टाकला की इम्युनोफ्लोरोसन्सची टेस्ट होतच नाही आणि परत सगळं करावं लागतं. बाटलीत काय आहे ते तुम्हीच विचारा. लाजू नका.

वाईची_लेक
तीन आठवडे झाले, सगळ्यांना सांगायचंच होतं. कागद केला, दोन्ही बाजू भरल्या. तारखा लिहिताना मला पहिल्यांदा दिसलं की कान सुजला त्याच आठवड्यात ताप, त्याच आठवड्यात गाठी, आणि दर वेळी स्टिरॉइड संपल्यावर ७-८ दिवसांनी. घरातच होतं सगळं, पण तीन पिशव्यांत होतं.

पुण्याला नेलं. तिथल्या स्किनच्या मॅडमनी कागद वाचला, फोटोतली पाळी बघितली आणि स्वतः उठून रक्ताच्या डॉक्टरांना फोन केला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दोन डॉक्टर एकमेकांशी बोलताना बघितले, मला तिथंच रडू आलं. कुष्ठरोगाचा स्मीअर निगेटिव्ह. बायोप्सीत न्यूट्रोफिलची गर्दी, जंतू नाहीत. काल बोनमॅरोचा रिपोर्ट आला, व्हॅक्युओल आहेत असं स्पष्ट लिहिलंय. आता यूबीए१ ला रक्त पाठवलंय. बायोप्सीच्या टाक्याजवळ पण थोडं फुगलं होतं, पण या वेळी कुणी अँटिबायोटिक दिलं नाही.

सध्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या ४० मिलिग्रॅमवर आहेत, ताप नाही, कान उतरलाय. रिपोर्ट तसाच आला तर पुढे रक्सोलिटिनिब नाहीतर अझासिटिडीन बघू म्हणालेत. एक प्रश्न रात्रभर डोक्यात असतो. जीनचा आजार म्हणजे माझ्या भावाला आणि माझ्या मुलाला होणार का? डॉक्टरांना विचारायचं धाडस नाही झालं.

पुण्याचा_त्वचारोगवाला
नाही. हे वाचून आज तरी शांत झोपा. ही चूक जन्माबरोबर आलेली नसते, उतारवयात मॅरोतल्या एका मूळ पेशीत नव्यानं होते आणि त्या पेशीची पिलावळ वाढत जाते. आईबापांकडून आली नाही, मुलाबाळांकडे जात नाही. भावाची, मुलाची टेस्ट करायची गरज नाही.

उपचारांबद्दल खोटा धीर देणार नाही. स्टिरॉइडनं बरं वाटतं पण कमी करायला गेलं की उसळतं, म्हणून दुसरं औषध जोडावं लागतं आणि ते प्रत्येकाला सारखं लागू पडत नाही. मुळापासून काढायचा मार्ग म्हणजे दुसऱ्याचा बोनमॅरो, पण ७२ व्या वर्षी तो झेपणं अवघड, तो निर्णय रक्ताचे डॉक्टरच घेतील. नवीन औषध सुरू व्हायच्या आधी छातीचा एक्सरे, टीबीची आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीय ना ते विचारा, आपल्याकडे दबलेला टीबी या औषधांनी वर येतो. स्टिरॉइडवर शुगर वाढते, घरी बघत राहा. ताप आला तर ‘तोच आजार असेल’ म्हणून घरी थांबू नका, या औषधांवर असताना खरं इन्फेक्शनही होतं आणि ते पटकन वाढतं.

निवृत्त_सिस्टर
पोरी, छान केलंस सगळं. अण्णांना रक्त काढायच्या वेळी दर वेळी एकाच हातावर टोचू देऊ नकोस, आणि लॅबच्या पोराला आधीच सांग की टोचलेली जागा फुगते, म्हणजे एकाच वेळी सगळ्या टेस्टचं रक्त घेतील, चार वेळा सुई नको. आणि आईंचं काय झालं, कपाचं?

वाईची_लेक
स्मीअरचा रिपोर्ट मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. काही बोलली नाही. संध्याकाळी चहा केला तेव्हा अण्णांचा कप बाकीच्या कपांबरोबरच ट्रेमध्ये होता. अण्णांनी बघितलं, तेही काही बोलले नाहीत, चहा पिऊन झाल्यावर यंदा हळद कधी काढायची म्हणून विचारलं. चार महिन्यांत त्यांनी शेताचं नाव काढलं नव्हतं.

आता आई रोज सकाळी त्यांचे दोन्ही कान उजेडात बघते आणि मला फोनवर सांगते, वरचा कसा, पाळी कशी. वहीत लिहून ठेवतेय. जीनचा रिपोर्ट आला की इथंच लिहीन.